घर एक, विमे दोन : हरिकेननंतर वाऱ्याचे आणि पाण्याचे पैसे पूर्ण कसे मिळवायचे?

खाडीकाठ

मंडळी, आम्ही फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला, टँपाच्या खाडीपासून तीन गल्ल्या आत राहतो. २०२४ साली तेरा दिवसांत दोन हरिकेन आमच्या घरावरून गेली. २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन, ९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन. हेलीनने खाडीचे पाणी घरात आणले, मिल्टनने छपराची उत्तरेकडची बाजू उचकटली. विम्याचा शेवटचा चेक हातात पडायला वर्षाहून जास्त लागले. या काळात बरेच शिकले. १ जूनला पुढचा हंगाम सुरू होईल, त्याआधी आपल्या लोकांपर्यंत हे पोहोचावे म्हणून धागा काढते आहे. लांब झाला आहे, पण सवडीने वाचा.

मुळातली गोष्ट अशी, की इथे घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही. समुद्राने चढून घरात शिरलेले पाणीसुद्धा पूरच धरतात, मग ते वाऱ्याने ढकललेले असले तरी. वाऱ्याची पॉलिसी म्हणजे हा घराचा साधा विमा, पुराची पॉलिसी वेगळी. पुराची बहुतेकांची पॉलिसी सरकारी योजनेतली असते. १९६८ साली सुरू झालेली ही योजना फेमा, म्हणजे अमेरिकी सरकारची आपत्ती-मदत संस्था, चालवते, विकतात मात्र खासगी कंपन्या. म्हणजे वादळ एक, घर एक, पण ॲडजस्टर, म्हणजे नुकसान पाहून आकडा ठरवणारे, दोन येतात आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

आम्ही घरात सोपा नियम केला होता. खालून वर चढलेले पाणी पुराचे, वरून खाली आलेले पाणी वाऱ्याचे. त्याला एक अट आहे. पाऊस आत आला तर वाऱ्याने आधी छपराला किंवा भिंतीला भोक पाडलेले असावे लागते. खिडकीच्या फटीतून झिरपलेल्या पावसाचे पैसे सहसा देत नाहीत.

आता आमची हकीकत. हेलीनमध्ये खाडीचे पाणी नेहमीच्या भरतीरेषेच्या सहा फुटांहून वर गेले. आमच्या घरात २८ इंच पाणी होते. दुसऱ्या दिवसापासून नवरा, मी आणि टँपाहून आलेली चार मराठी कुटुंबे, सगळ्यांनी मिळून भिंतींचे ड्रायवॉल (आतले जिप्समचे तक्ते) चार फुटांपर्यंत कापून काढले. गाद्या, कपाटे, मुलीची पेटी, सगळे रस्त्याच्या कडेला. ३ ऑक्टोबरला ओल मोजणारा माणूस आला. त्याने प्रत्येक भिंतीला यंत्र लावले आणि कोणी सांगितले नसताना छतांनाही लावले. सगळी छते कोरडी. प्रत्येक आकड्याचा तारखेसह फोटो काढून त्याने दोन पानांचा कागद दिला. मी तो फाइलमध्ये घातला आणि विसरून गेले.

सहा दिवसांनी मिल्टन आले. दोन्ही निजायच्या खोल्यांची छते खाली आली.

वाऱ्याच्या कंपनीचे पत्र आले, त्यात लिहिले होते की घरातले नुकसान आधीच्या पुराचे आहे, घर आधीच उघडे केलेले होते आणि छते बंद घरातल्या दमटपणामुळे पडली आहेत. छपराच्या डागडुजीसाठी त्यांनी ११,४०० डॉलर काढले. त्यातून हरिकेनचे डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा वाटा, वजा. आमच्या घराचा विमा ४ लाखांचा आणि डिडक्टिबल २ टक्के, म्हणजे ८,०००. हातात ३,४००. पुराच्या कंपनीचा ॲडजस्टर म्हणाला, पाण्याची रेघ २८ इंचांवर आहे, छताशी आमचा संबंध नाही. त्याचे म्हणणे बरोबरच होते. पण म्हणजे आमचे छत दोघांच्या मधल्या फटीत पडले होते.

त्या रात्री मी फाइल उघडली आणि तो ओलीचा कागद सापडला. ३ ऑक्टोबरला छत कोरडे, १० ऑक्टोबरला जमिनीवर. मधे काय घडले ते सगळ्या फ्लोरिडाला ठाऊक आहे. शिवाय मिल्टनचे केंद्र आमच्या दक्षिणेला सिएस्टा कीला जमिनीवर आले, त्यामुळे टँपाच्या खाडीतले पाणी वाऱ्याने बाहेर ओढले गेले होते. भरती मोजणाऱ्या सरकारी केंद्राच्या नोंदी नोआच्या (अमेरिकेच्या सरकारी हवामान-समुद्र संस्थेच्या) संकेतस्थळावर कोणालाही मिळतात. मी त्या रात्रीचा आलेख छापून जोडला. पाऊस अठरा इंचांच्या वर झाला होता, पण आमच्या गल्लीतले पाणी उंबऱ्याच्या आत आले नाही, हे शेजाऱ्यांच्या दरवाजावरच्या कॅमेऱ्यात दिसत होते. छपरवाल्याकडून लेखी घेतले, की शिंगल्स (छपरावरचे पातळ तुकडे) वर दुमडून तुटल्या आहेत आणि खालची फळी उघडी पडली आहे.

हे सगळे एका पानावर तारीखवार मांडले. डावीकडे तारीख आणि वेळ, मधे घटना, उजवीकडे पुरावा. त्या एका पानाने जे केले ते आधीच्या चाळीस फोन कॉल्सनी झाले नव्हते. तरीही कंपनीने लगेच मान्य केले नाही. राज्याच्या वित्तीय सेवा खात्याकडे मध्यस्थी मागितली. त्याचा खर्च कंपनीला करावा लागतो. पुराच्या सरकारी पॉलिसीला ही सोय नाही, हे लक्षात ठेवा. मध्यस्थीत छपराची अख्खी उत्तर बाजू, दोन्ही छते, इन्सुलेशन आणि विजेचे काम मिळाले.

एक मुद्दा आम्ही हरलो. बाहेर राहण्याचा खर्च वाऱ्याच्या पॉलिसीत होता, पण घर पुराने आधीच राहण्यालायक नव्हते, असे त्यांचे म्हणणे. सरकारी पुराच्या पॉलिसीत हा खर्च मुळातच नाही. सात महिन्यांचे भाडे आमच्या खिशातून गेले.

माझे सांगणे एवढेच, की वारा आणि पाणी वेगळे करायचे काम कंपनीवर सोडू नका. ते आपण करायचे, घड्याळ आणि तारखेसह, पहिल्या दिवसापासून.

नवखी

ताई, वाचून पोटात गोळा आला. आम्ही मागच्या वर्षी टँपाच्या उत्तरेला घर घेतले. बँकेने सांगितले, तुमचा भाग एक्स झोनमध्ये, म्हणजे पुराचा धोका कमी धरलेल्या पट्ट्यात, पुराचा विमा सक्तीचा नाही. म्हणून घेतला नाही. चुकले का?

बायूकाठ

नवखी, मी ह्यूस्टनचा. आमचाही एक्स झोनच होता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी हरिकेन आले. वारा आमच्याकडे फारसा नव्हताच, केंद्र रॉकपोर्टला आले होते. पण पाऊस थांबेचना. नेदरलँड गावात ६० इंचांवर मोजला गेला. ॲडिक्स आणि बार्कर धरणांमागचे पाणी फुगले आणि दरवाजे उघडावे लागले. पाऊस थांबल्यावर, ऊन पडल्यावर आमच्या घरात पाणी शिरले. नऊ दिवस राहिले.

पुराचा विमा नव्हता. घराच्या विम्याने एका ओळीच्या पत्रात नकार दिला आणि पॉलिसी वाचल्यावर कळले, की ते कायद्याने बरोबर आहेत. फेमाची मदत मिळाली, पण ती घर उभे करायला नसते, तात्पुरते डोके टेकायला असते. बाकी सगळे कर्ज. धाकट्याच्या कॉलेजचे पैसे त्यात गेले. हे मी फारसे कोणाला सांगत नाही.

सक्तीचा नाही याचा अर्थ गरजेचा नाही असा होत नाही. बँक आपल्या कर्जाची काळजी करते. आजच एजंटला फोन कर. सरकारी पॉलिसी घेतल्यापासून लागू व्हायला ३० दिवस जातात, कर्ज घेतानाच घेतली तर गोष्ट वेगळी. वादळाला नाव मिळाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

नवखी

दादा, आज दुपारीच करते. घरावर किती रकमेचा घ्यायचा असतो?

खाडीकाठ

सरकारी योजनेत एका कुटुंबाच्या घराला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,०००. सामानाचा भाग वेगळा विकत घ्यावा लागतो, पुष्कळांना हे माहीत नसते. डिडक्टिबलसुद्धा घराला वेगळे, सामानाला वेगळे. सामानाचे पैसे झीज वजा करून मिळतात. आमच्या आठ वर्षांच्या सोफ्याचे जे मिळाले त्यात एक खुर्ची आली असती. घराच्या बांधणीचे मात्र नव्याच्या भावाने मिळू शकतात, पण तुम्ही स्वतः तिथे राहत असाल आणि विमा पुनर्बांधणीच्या खर्चाच्या निदान ८० टक्के किंवा कमाल मर्यादेइतका असेल तर. थोडे हप्त्याचे पैसे वाचवायला कमी रक्कम घेऊ नकोस.

जर्सीकर

सँडी वादळातला बोलतोय. २०१२, न्यू जर्सीचा किनारा. दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली डिडक्टिबलची. सँडी किनाऱ्याला लागले तेव्हा हवामान खात्याच्या लेखी ते हरिकेन राहिले नव्हते. त्यामुळे न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क दोन्ही राज्यांनी कंपन्यांना सांगितले, की हरिकेनचे टक्केवारीचे डिडक्टिबल लावायचे नाही. आमचे त्यात काही हजार वाचले. तुमच्या पॉलिसीत हे डिडक्टिबल नेमके कशाने सुरू होते, हे शब्द न् शब्द वाचा.

दुसरी इंजिनिअरच्या अहवालाची. पुराच्या कंपनीने पाठवलेल्या इंजिनिअरने लिहिले, पायाच्या भेगा जुन्या आहेत. पाहणीच्या दिवशी माझ्यासमोर उभा राहून तो वेगळे बोलला होता. मी काही करू शकलो नाही, कारण त्याचे बोलणे कुठेच लिहिलेले नव्हते. पुढे अनेक घरांचे अहवाल मागाहून बदलले गेल्याचे उघड झाले आणि २०१५ मध्ये फेमाने सँडीचे दावे पुन्हा तपासायला घेतले. १ लाख ४० हजारांहून अधिक विमाधारकांना तशी संधी दिली. मी अर्ज केला आणि फरकाची रक्कम मिळाली. तीन वर्षांनी. आई त्या घरात परत राहायला येऊ शकली नाही, तेवढ्यात ती गेली.

म्हणून म्हणतो, पाहणीला आलेल्या प्रत्येकाबरोबर घरभर फिरा. संध्याकाळी त्याला ईमेल लिहा : आज अमुक वाजता तुम्ही आलात, हे हे पाहिलेत, हे म्हणालात, माझ्या लिहिण्यात चूक असेल तर कळवा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही. पण तारीख पडलेली असते.

पत्रे_आणि_कौले

मी बांधकामाचे अंदाजपत्रक करतो, काही वर्षे कंपन्यांसाठी ॲडजस्टरचे कामही केले आहे. धाग्यात ॲडजस्टर म्हणजे शत्रू असा सूर लागू नये म्हणून लिहितो. मोठ्या वादळानंतर एकेक जण दिवसाला चार-पाच घरे बघतो, बाहेरच्या राज्यातून आलेला असतो, रात्री हॉटेलात बसून आकडे भरतो. सुटलेल्या गोष्टींतल्या पुष्कळ खरोखरच नजरेतून सुटलेल्या असतात.

म्हणून त्याचे अंदाजपत्रक मागवा आणि ओळ न् ओळ वाचा. फ्लोरिडात ते तयार झाल्यापासून सात दिवसांत तुम्हाला पाठवणे कंपनीला बंधनकारक आहे. बहुतेक जण एक्झॅक्टिमेट नावाचे सॉफ्टवेअर वापरतात. खोलीची मापे पडताळा, ती चुकली की पुढचे सगळे चुकते. नेहमी सुटणाऱ्या गोष्टी सांगतो. ड्रायवॉल आहे पण रंग नाही. खालची कपाटे आहेत पण वरचा ओटा काढून परत बसवायची मजुरी नाही. छपराच्या शिंगल्स आहेत पण खालचा कागद आणि कडेच्या पट्ट्या नाहीत. कचरा वाहून नेणे नाही. तीन-चार कारागीर लागणार असतील तर मुख्य ठेकेदाराचा वरखर्च आणि नफा नाही.

आणि झीज वजा केलेली रक्कम 'परत मिळण्याजोगी' लिहिली असेल, तर काम पूर्ण करून बिले पाठवल्यावर ती मागायची असते. कितीतरी लोक मागायचे विसरतात.

वकील किंवा पब्लिक ॲडजस्टर (टक्केवारी घेऊन आपल्या बाजूने दावा लढवणारा) लगेच गाठू नका. आधी स्वतःच्या ठेकेदाराचे तसेच ओळवार अंदाजपत्रक समोर ठेवा.

खाडीकाठ

पत्रे_आणि_कौले, ओळींची यादी फार मोलाची, धन्यवाद. ॲडजस्टरबद्दल तुमचे बरोबर आहे, आमच्याकडे आलेला पोरगा मनाने चांगला होता. पण शेवटच्या मुद्द्यावर थोडे वेगळे मत. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांच्याकडून ओळवार काही होणे शक्य नव्हते. त्यांनी पब्लिक ॲडजस्टर घेतला आणि त्याने त्यांचे काम नीट केले. फक्त तीन गोष्टी पाहा. राज्याचा परवाना आहे ना, तो तुम्ही शोधलात की वादळानंतर दारात येऊन उभा राहिला, आणि टक्केवारी. फ्लोरिडात आणीबाणी जाहीर झालेल्या वादळाच्या दाव्यावर पहिल्या वर्षी त्याला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

वकिलांच्या बाबतीत फ्लोरिडाचा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये बदलला. पूर्वी विमाधारक जिंकला तर त्याच्या वकिलाची फी कंपनीवर पडायची, आता तसे राहिलेले नाही. त्याच कायद्याने मुदतीही आखडल्या. नुकसान कळवायला एक वर्ष, राहून गेलेल्या कामाच्या पुरवणी दाव्याला दीड वर्ष. मिल्टनसाठी हा दीड वर्षाचा हिशेब ९ एप्रिल २०२६ ला पुरा होतो. उलट बाजूने कंपनीलाही ६० दिवसांत पैसे द्यावे किंवा नकार कळवावा लागतो, पूर्वी ९० होते.

अजून एक. फ्लोरिडात हरिकेनचे डिडक्टिबल एका कॅलेंडर वर्षात एकदाच लागते, कंपनी तीच असेल तर. हेलीनमध्ये कुंपण पडले, रक्कम डिडक्टिबलपेक्षा कमी, म्हणून कळवलेच नाही, असे करू नका. कळवा. ते पुढच्या वादळाच्या हिशेबात मोजले जाते.

गल्फकिनारा

मिसिसिपीत होतो आम्ही, २००५ साली, कतरिनाच्या वेळी. मोटेल होते छोटे. आपल्याकडे स्लॅब म्हणजे डोक्यावरचा. तिथे आम्ही तो शब्द पायाखालच्यासाठी वापरायला शिकलो. परत गेलो तेव्हा नुसता स्लॅब उरला होता, वर भिंत नाही, दार नाही. आता सांगा, वाऱ्याने नेले की पाण्याने? पुरावाच समुद्रात गेलेला.

कंपन्यांच्या पॉलिसीत एक कलम असते : नुकसानीत पुराचा हात असेल तर बाकी कारणे कोणतीही असोत, आधीची असोत की नंतरची, पैसे नाहीत. त्या कलमावर आमच्या किनाऱ्यावरचे हजारो लोक अडले. २००९ मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वाऱ्याने जे नुकसान आधीच केले ते त्या क्षणी झाले. नंतर आलेल्या पाण्याने ते पुसले जात नाही. आणि घराच्या बांधणीचे नुकसान पुरानेच झाले, हे दाखवायची जबाबदारी कंपनीची. सामानाच्या बाबतीत मात्र वारा हे कारण आपणच दाखवायचे. प्रत्येक राज्यात न्यायालये असेच म्हणतात असे नाही, आपल्या राज्याचे बघून घ्या.

खाडीकाठताईंचा तारीखवार कागद वाचला आणि ते दिवस आठवले. आमच्याकडे वारा पाण्याच्या कितीतरी तास आधी सुरू झाला होता. पण आमच्याकडे वादळाआधीचा एकही फोटो नव्हता. उभ्या मोटेलचा म्हणून एकच फोटो मिळाला, भावाच्या लग्नातला, मागे पाटी दिसते तो.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून. २२ जुलै २०२१ ला आमच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होते. तुमचे वाचून एक गोष्ट नव्याने कळली, की आपल्याकडे वारा आणि पूर असे भांडण नाही. वादळ, चक्रीवादळ, पूर, पाणी तुंबणे सगळे एकाच पॉलिसीत. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी जी भारत गृह रक्षा पॉलिसी आहे तिच्यातही ते एकत्रच आहे. आधीच्या वर्षी निसर्ग वादळाने श्रीवर्धनकडची घरे उघडी केली, पत्रे गेले आणि वरून पाऊस, तरी कोणाला वारा की पाणी हे सिद्ध करायचे नव्हते. तिथले दुखणे वेगळेच : बहुतेकांकडे विमाच नव्हता.

आमचे अडले ते मालाच्या नोंदीवर. स्टॉकचे रजिस्टर भिजून लगदा झालेले. सर्व्हेअर म्हणाला, माल होता हे दाखवा. शेवटी पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून खरेदीची बिले पुन्हा काढून आणली आणि जीएसटीच्या नोंदी जोडल्या. तेव्हापासून दर शनिवारी मुलगा रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून बहिणीला मुंबईला पाठवतो.

बायूकाठ

वाशिष्ठीकाठ, फोटो दुसऱ्या गावी पाठवणे हे फार योग्य. आमच्यातल्या पुष्कळांचे फोटो होते, पण ज्या कॉम्प्युटरवर होते तो पाण्यात.

नवखी

एजंटशी बोलले. पॉलिसी घेतली, ३० दिवसांनी लागू. ताई, अजून एक विचारते. चेक आला की तो सरळ आपल्या खात्यात भरता येतो ना?

खाडीकाठ

शाबास, बरे वाटले.

चेकचे सांगते, कारण आमचे दहा आठवडे त्यात गेले. घरावर कर्ज असेल तर बांधणीच्या चेकवर बँकेचेही नाव असते. बँकेची सही लागते, आणि मोठी रक्कम असेल तर बँक ती स्वतःकडे ठेवून टप्प्याटप्प्याने सोडते : थोडी आधी, थोडी अर्धे काम झाल्यावर, बाकी त्यांचा माणूस बघून गेल्यावर. ठेकेदाराशी करार करतानाच हे बोलून घ्यायचे, नाहीतर तो मधेच काम सोडून जातो. सामानाचा चेक सहसा फक्त आपल्या नावाचा असतो.

पुराच्या दाव्यात हातखर्चाला आगाऊ रक्कम मागता येते. ॲडजस्टर यायच्या आधीसुद्धा ५,००० पर्यंत, फोटो आणि पावत्या असतील तर २०,००० पर्यंत. आपणहून कोणी सांगत नाही, मागावी लागते. नुकसानीचा सही केलेला तपशील ६० दिवसांत द्यायचा असतो, मोठ्या वादळानंतर फेमा मुदत वाढवते तरी तारीख विचारून घ्यायची. नकाराचे पत्र आले तर फेमाकडे अपिलाला ६० दिवस आणि संघीय न्यायालयात जायला एक वर्ष, दोन्ही त्या पत्राच्या तारखेपासून. म्हणून पाकीटसुद्धा टाकू नकोस.

आणि नगरपालिकेचे पत्र आले, की दुरुस्ती घराच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त आहे, तर घर नव्या नियमांप्रमाणे उंच करावे लागते. त्यासाठी पुराच्या पॉलिसीतूनच ३०,००० पर्यंत वेगळे मिळू शकतात. आमच्या गल्लीतल्या दोघांना ते कोणी सांगितले नव्हते. मी सांगितले तेव्हा एकाने जागा विकून टाकली होती.

नवखी

लिहून घेतले सगळे. या शनिवारी घराचे फोटो काढणार आहोत. कुठून सुरुवात करू?

खाडीकाठ

छतापासून. सगळे जण सामानाचे काढतात, टीव्ही, दागिने, कपाटे. तू आधी प्रत्येक खोलीत मधोमध उभी राहून मान वर कर, सगळे दिवे लाव आणि चारही कोपरे येतील असे छत घे. मग माळ्यावर चढून छपराची आतली फळी. मग घराच्या बाहेरून चारही बाजू. सामान त्यानंतर. आणि सगळे त्याच रात्री पुण्याला आईला पाठवून दे.

नवखी

आई नाशिकला असते ताई. पण पाठवते.

खाडीकाठ

नाशिक चालेल. तिला म्हणावे, उडवू नकोस.